उपरण्याखालचा हात

आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर माणूस आहे. घरचं दूध, वीज, गॅस सगळं मी लिहून ठेवतो आणि बायको-मुलं त्यावरून मला हसतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, या प्रकरणात आकडे फारसे यायचे नाहीत. त्या दिवशी पोती किती होती आणि भाव नेमका कुठपर्यंत चढला, यावर माझं आणि अक्काचं आजही एकमत नाही. अक्का त्या वेळी घरी भाकरी थापत होती आणि बाजारात मी होतो, तरी तिचा आकडा माझ्यापेक्षा मोठा असतो आणि दर दिवाळीला थोडा वाढतो. खात्री नसलेला आकडा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा.

नांदेडला आमच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी पुण्याहून एक सर आले होते. फार भला माणूस. नोकरी पदवीवर मिळत नाही, पहिल्या मिनिटावर मिळते, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते पहिलं मिनिट ते आमच्याकडून दर शनिवारी फुकट घोटून घ्यायचे. दारातून आत यायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आपण होऊन हात पुढं करायचा, त्याचा पंजा पुरता धरायचा आणि दमदारपणे हलवायचा. भिजलेल्या पोळीसारखा हात द्यायचा नाही. आम्ही बाकं बाजूला सारून एकमेकांचे हात हलवत बसायचो. त्यात अर्धापूरची दोन पोरं होती, लहानपणापासून केळीचे घड उचललेली. त्यांनी हात धरला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि सर म्हणायचे, हा बघा आत्मविश्वास. दुसरा धडा बोलण्याचा. "नोकरी हवी आहे का?" असं सरांनी विचारलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हाव." सर कपाळाला हात लावायचे. "अरे, हाव म्हणजे लोभ. होय म्हणा, होय. कळलं का?" वर्ग म्हणायचा, "हाव सर."

पदवी हातात आली आणि घरात देगलूरच्या मामांचं नाव निघायला लागलं. चन्नाप्पा मामांचं देगलूरला भांड्यांचं दुकान होतं आणि त्यांना गल्ल्यावर बसायला घरचा माणूस हवा होता. मामांची पद्धत अशी की घरच्या माणसाला पगार नसतो. जेवण, दोन जोडी कपडे आणि आशीर्वाद. त्यांचा एक पुतण्या गल्ल्यावर बसला तेव्हा काळ्या केसांचा होता आणि मला आठवतो तसा तो अर्धा पांढराच होता. मामा गल्ला तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू, म्हणजे शेजारच्या दुकानदाराला कळू नये. शेजारचा दुकानदार तेलुगूच होता. मला त्या गल्ल्याची धडकी भरली होती. वडिलांपुढं, म्हणजे अण्णांपुढं, मी तोंड उघडलं ते आयुष्यात पहिल्यांदा. "मी नोकरी शोधतो. सापडली न्हाई तर जाईन देगलूरला." अण्णा कापडाच्या दुकानात गज धरून उभे राहणारे, मोजूनच बोलणारे. ते म्हणाले, "शोध की. पण चन्नाप्पा न्यायला आला तर मी नाही म्हणणार न्हाई."

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझी मोठी बहीण, महानंदा अक्का, तिथं दिलेली. दाजी कचेरीत कारकून, जुन्या जिल्ह्यातून नव्यात बदलून आलेले. त्यांचा निरोप आला की पोराला पाठवा, इथं कचेऱ्यांवर कचेऱ्या उघडून राहिल्यात, माणसं कमी पडतील. आईनं मला अर्धापुरी केळ्यांची फणी दिली, मी प्रमाणपत्रांची निळी फाईल घेतली आणि एस.टी.त बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीतून दोन्ही बाजूंना रानं नुसती पिवळी नाही, फिकी पडलेली होती; पावसानं त्या वर्षी आणि आदल्या वर्षीही पाठ फिरवली होती. चाकूरच्या पुढं एका टँकरमागून बाया घागरी घेऊन अक्षरशः पळत होत्या. हे सगळं मी बघत होतो, आणि तरी खरं सांगायचं तर माझ्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घराबाहेर पहिल्यांदा एकटा निघालो होतो. दुष्काळात आनंद होणं बरं दिसत नाही, म्हणून मी तोंड गंभीर करून बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोट दुखून राहिलं का रे लेकरा?"

अक्काचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत त्या काळात अर्धी कचेरी जेवायची. बदलून आलेल्या लोकांना घरं मिळत नव्हती, बायकापोरं जुन्या गावी, मग संध्याकाळी दाजींबरोबर कोणी ना कोणी यायचंच. दाजींच्या कचेरीला एका जुन्या गोदामात जागा मिळाली होती. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. ज्याच्या हातात तातडीची फाईल असेल त्यानं खुर्चीवर बसायचं असा नियम त्यांनी आपापसात केला होता, त्यामुळं त्या दिवसांत सगळ्याच फाइली तातडीच्या असायच्या. पाट्या रोज नव्या रंगायच्या. दाजींच्या बाहीला कायम कुठल्यातरी खात्याचा ओला रंग लागलेला. एकदा त्यांच्या पाठीवर 'रवानगी' हा शब्द उलटा उमटला होता आणि ते तसेच बाजारभर फिरून आले. अक्का हसून हसून चुलीपाशी आडवी झाली.

पाणी अक्काच्या ताब्यात. टँकरचा भोंगा वाजला की ती पिठाच्या हातानं धावायची. परातीत बसून अंघोळ करायची, परातीतलं पाणी बादलीत, त्यात कपडे, कपड्यांचं पाणी दारातल्या कढीपत्त्याला. लिंगपूजेचं पाणी मात्र वेगळ्या तांब्यात, त्याला हात लावायचा नाही. मला मुलाखतींसाठी एकच पांढरा शर्ट होता आणि तो रोज धुवावा लागायचा. मी एकदा त्या तांब्याकडं नुसतं बघितलं. अक्का म्हणाली, "डोळे काढून घे तिथून. देवाला नोकरी हाय, तुला न्हाई." सकाळी सुशीला असायची. नांदेडकडं काही घरांत हे नाव कमी चालतं म्हणून सांगतो, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणीची सुशीला. कोकणातले एक नवे कारकून पहिल्याच दिवशी आले आणि दाजींनी आतून ओरडून विचारलं, "अगं, सुशीला झाली का?" तेव्हा ते बिचारे उठून उभे राहिले, घरातल्या कोणा बाई येताहेत म्हणून. दुपारी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि भाजी महाग झाली तेव्हा हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आज आमच्या घरात माडगं केलं तर मुलं ताट बाजूला सारतात. मी दोन वाट्या घेतो.

दिवसभर मी फाईल घेऊन फिरायचो. सरकारी कचेऱ्यांत सांगायचे, जागा निघतील, अजून मंजूर व्हायच्यात. तेलगिरणीत, डाळगिरणीत, दोन दवाखान्यांच्या हिशेबाच्या खिडकीवर, नव्या निघालेल्या एका पतपेढीत, सगळीकडं सरांचा धडा चोख वापरला. आत जायचं, डोळ्यांत बघायचं, पंजा धरायचा. डाळगिरणीचे मालक हात सोडवून घेताना म्हणाले, "हमाल म्हणून पाहिजे तर ठेवतो." पण बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, अनुभव किती? मी म्हणायचो, कुठंतरी सुरुवात केल्याशिवाय अनुभव कसा येईल. ते म्हणायचे, बरोबर आहे, कुठंतरी सुरुवात करा आणि मग या. संध्याकाळी मी हे दाजींना सांगितलं तर ते हात झटकून म्हणाले, "मग अनुभव काय आभाळातून पडतो का? आभाळातून तर पाणी बी पडंना." त्यावर जेवायला बसलेले तिघे-चौघे इतके हसले की माडगं सांडलं, आणि मग सांडलेल्यासाठी अक्कानं सगळ्यांना धरून झापलं.

आणि अशात देगलूरच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर मामांचा तोंडी निरोप आला. शनिवारी येतो, पोराला तयार ठेवा.

अक्का मला लहानपणापासून ओळखणारी. तिनं माझ्या ताटात न मागता अर्धी भाकरी टाकली. दाजी विचार करत होते. शेवटी म्हणाले, "आडत बाजारात गुरुलिंगअप्पा म्हणून हायेत. लई जुनी गादी. त्यांच्या दिवाणजीला दिसंना झालंय म्हणे, आकड्याला हुशार पोरगं पाहिजे. मी शब्द टाकतो. शनिवारी सकाळी जा, बाजार सुरू व्हायच्या टायमाला."

"मामा शनिवारीच येणार न्हवं?" मी म्हटलं.

"दुपारच्या गाडीनं. तवर तुझं नशीब अन् तू."

शनिवारी सकाळी अक्कानं शर्टाला खळ दिली आणि तांब्यात विस्तव घालून इस्त्री केली. कॉलर इतकी कडक झाली की मला मान वळवायची तर कमरेतून वळावं लागत होतं. तसा मी बाजारात शिरलो. दुष्काळ असला तरी लातूरच्या बाजाराचा आवाज बसला नव्हता. माल कमी आणि माणसं जास्त, म्हणून उलट गलका वाढलाच होता. हमालांच्या आरोळ्या, चाळणीचा आवाज, वाटाण्यासारखी फरशीवर उड्या मारणारी तूर. अप्पांची गादी मी विचारत विचारत शोधली. गादीसमोर तुरीच्या पोत्यांची थप्पी आणि पुढं एक छोटा ढीग ओतलेला. ढिगाशेजारी एक बाई उकिडवी बसलेली, डोक्यावर पदर, दंडाला ठसठशीत गोंदण. आणि ढिगापलीकडं पांढऱ्या टोपीतले, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे लावलेले उंच म्हातारे उभे. हेच अप्पा, हे मी ओळखलं. त्यांनी उजव्या हातावर उपरणं टाकलं होतं, आणि एकेक माणूस पुढं येऊन त्या उपरण्याखाली हात घालून त्यांच्याशी हात मिळवत होता.

इथं मी काय समजलो ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी समजलो की हे उमेदवार आहेत. आणि दुष्काळात पाण्यावाचून हातांना मळ, घाम, म्हणून अप्पा स्वच्छतेसाठी वरून कापड घेत असतील. सगळे उमेदवार माझ्या बापाच्या वयाचे होते. एकाला तर चष्मा, धोतर आणि सोन्याची अंगठी. माझ्या मनात आलं, एवढे वयस्कर लोक नोकरीला आलेत, म्हणजे सगळ्यांकडं अनुभव असणार, आपलं काही खरं नाही. पण मग मी त्यांचे हात बघितले. काय ते हात देणं. कोणी डोळ्यांत बघत नव्हतं. कोणी आभाळाकडं बघतो, कोणी कान खाजवतो, उपरण्याखाली थोडं चाचपल्यासारखं करतात आणि हात काढून घेतात. शुद्ध भिजलेल्या पोळ्या. मला वाटलं, शिकलेल्या माणसाचा फरक दाखवायची हीच वेळ. रांगेत माझा नंबर आला तशी मी फाईल डाव्या काखेत मारली, अप्पांच्या डोळ्यांत बघितलं, उपरण्याखाली हात घातला, त्यांचा पंजा पुरता धरला आणि अर्धापुरी ताकदीनं हलवला. एकदा, दोनदा, तीनदा, आणि अप्पांनी भुवया उचलल्या म्हणून आणखी एकदा.

अप्पांनी हात सोडला नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "सगळं?"

मला वाटलं, प्रमाणपत्रं. "हाव," मी म्हटलं, "सगळं."

"पक्कं?"

"हाव. पक्कं."

पुण्याच्या सरांचा धडा मी अर्धाच पाळला. अप्पांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तूर सुटली." आणि ज्या भावानं सुटली, म्हणजे विकली गेली, तो आकडा सांगितला. सोन्याच्या अंगठीवाल्यानं चष्मा काढून पुसला. उकिडवी बसलेली बाई उठली, माझ्यासमोर आली आणि तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आता लिलाव उघड बोलीनं होतो, पण त्या वेळी काही गाद्यांवर भाव उपरण्याखाली ठरायचा. तोंडानं बोलायचं नाही. अडत्याचं एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पुरता पंजा धरला तर पाच, आणि जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा तेवढी वाढ. शेजाऱ्यानं काय भाव लावला ते कुणाला कळत नाही. मी पुरता पंजा धरला होता आणि सरांच्या शिकवणीप्रमाणं दमदार हलवला होता. बी.कॉम.ला मला आकडेमोडीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, पण एवढी मोठी बेरीज मी हातानं कधी केली नव्हती.

"पैसे गादीवर," अप्पा म्हणाले, "माल उचलायला गाडी आणलीय का मालक?"

मी म्हटलं, "अप्पा, मी मुलाखतीला आलोय."

"कसल्या?"

"नोकरीच्या. दिवाणजींच्या हाताखाली. दाजींनी शब्द टाकला होता."

अप्पांनी माझ्याकडं, माझ्या कॉलरकडं, काखेतल्या फाइलीकडं नीट बघितलं. मग खाली वाकले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, पण गादीचा मालक भर बाजारात हसत नाही म्हणून आवाज न करता हसत होते. डोळे पुसून उठले तेव्हा बाईकडं वळले. "सोजरबाई, सौदा चुकला. पोरगं नोकरीला आलंय. फिरून बोली करू."

"का म्हणून?" सोजरबाईनं पदर खोचला. "उपरण्याखाली दिलेला शब्द हाय का न्हाई? अप्पा, तुमच्या बापाच्या येळंपासनं मी हितं माल आणते. एवढ्या वर्सात कुणी शब्द फिरवला का? ह्यो पोरगा म्हणाला का न्हाई, सगळं म्हणून? म्हणाला का न्हाई, पक्कं म्हणून?"

"म्हणालो," मी म्हटलं. खरं ते खरं.

"बगा. पोरगा खानदानी हाय. तुम्हीच फिरवायला लागलाव."

अप्पांनी मला बाजूला घेतलं. आता ते हसत नव्हते. "ही बाई म्हणते ते खोटं न्हाई," ते म्हणाले. "गादीचा शब्द हाय. दुपारी घंटा होईपर्यंत हा सौदा त्याच भावानं कोणी अंगावर घेतला तर ठीक. न्हाईतर मला भरावं लागंल, आणि मग तुझ्या दाजीला मी काय तोंड दाखवू अन् तू मला काय दाखवशील? जा, बघ, घेतं का कोणी."

म्हणजे नोकरी तर गेलीच होती, वर दाजींचा शब्द गेला होता, अप्पांना खड्डा पडणार होता, आणि दुपारच्या गाडीनं देगलूरचा गल्ला येतच होता. अशा वेळी माणसानं रडायला हवं. पण मला, का कोण जाणे, आतून हसू फुटत होतं, आणि कडक कॉलरमुळं ते वरही जाईना आणि खालीही जाईना. मी फाईल काखेत धरून खरेदीदारांमध्ये गेलो आणि जे आहे ते सांगायला लागलो.

"मी खरेदीदार न्हाई," मी पहिल्याला म्हटलं. "माझी चूक झाली. हा सौदा कोणी घेता का?"

त्यानं माझ्या निळ्या फाइलीकडं बघितलं. "फाइलीत काय हाय?"

"माझी प्रमाणपत्रं."

"असं." तो शेजाऱ्याकडं झुकला. मला ऐकू आलं, "नव्या जिल्ह्याचा माणूस हाय. टंचाईची खरेदी. सरकार तूर घेऊन राहिलंय."

"मी सरकारी माणूस न्हाई," मी म्हटलं.

"हाव की. असं कुणी सांगतं का, मी सरकारी म्हणून?"

ही अफवा माझ्यापेक्षा वेगानं चालत होती. मी पुढच्या गादीवर पोचायच्या आत ती पोचलेली असायची. कोणाला माझी इस्त्री सांगत होती, कोणाला माझी मान, कारण सरकारी माणसाशिवाय मान एवढी ताठ कोण ठेवतं. मी जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं ठरत होतं. एकानं माझ्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "साहेब, एवढंच सांगा, किती पोती उचलायची हायेत सरकारला?" मी म्हटलं, "मला नोकरी न्हाई." तो समजुतीनं मान हलवत म्हणाला, "कळलं. वरून तोंड उघडायची मनाई हाय." पलीकडच्या गादीवर तूर सुटली ती माझ्या आकड्याच्या जवळ गेली. त्याच्या पलीकडच्या गादीवर आणखी जवळ. एकजण मला चहाला घेऊन गेला. दुष्काळात दूध नव्हतं म्हणून काळा चहा, पण त्यानं साखर दोनदा टाकायला लावली.

आणि शेवटी तो सोन्याची अंगठीवाला आला. त्यानं मला आडोशाला नेलं आणि म्हणाला, "सोजरबाईचा सौदा माझ्या नावावर करा. त्याच भावानं."

मी आजही मनाशी तपासून बघतो की त्या वेळी मी त्याला पुरेसं स्पष्ट सांगितलं का. सांगितलं. मी म्हटलं, "शेठ, मी सरकारचा कोणी न्हाई, मी बी.कॉम. आहे, मला भाव कळत न्हाई, मी चुकून हात हलवला." अप्पांकडं गेलो तेव्हा अप्पांनीही त्याला माझ्यासमोर तेच सांगितलं. तो दोघांकडं बघून हसला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं लई पक्के हाव." पैसे गादीवर ठेवले. पुढं महिन्याभरात तूर खरोखरच त्या भावाच्या वर गेली. पाऊसच नव्हता, जाणारच होती. त्यामुळं त्याचं नुकसान झालं नाही आणि मला झोप लागते. तो मात्र मरेपर्यंत मला साहेबच म्हणायचा.

सोजरबाईनं जाताना माझ्या फाइलीवर ओंजळभर तूर ओतली. "घरी ने. वरण कर म्हणावं बायकोला."

"बायको न्हाई अजून."

"मग आईला दे. पण दुसऱ्या कुणाचा हात आसा धरू नगंस," ती म्हणाली. "समदेच म्हातारे अप्पासारखे दणकट नसतेत."

घंटा झाली. अप्पा गादीवर बसले, मला समोर बसवलं आणि पाणी दिलं. पुरता तांब्या. त्या वर्षी पुरता तांब्या म्हणजे सत्कार होता. त्यांनी फाईल उघडून बघितली, गुणांवरून बोट फिरवलं आणि बंद केली. "तुला बाजार कळत न्हाई," ते म्हणाले. "पण आज बाजारात एकटा खरं बोलणारा तूच होतास, अन् त्यानंच बाजार हलला. मला भ्या वाटायला लागलंय तुझं. सोमवारपासनं ये. लिखाणाला. भावाच्या टायमाला मात्र ढिगाजवळ फिरकायचं न्हाई."

घरी पोचलो तर मामा येऊन बसलेले. समोर पिशवी, पिशवीतून काढलेलं नवं कोरं स्टीलचं ताट, त्याच्या काठावर माझं नाव कोरलेलं: मन्मथ, देगलूर. दुकानातलं ताट, माझ्यासाठी खास नाव घालून आणलेलं. इतका वेळ मला मामांची भीती वाटत होती आणि ते ताट बघून पहिल्यांदा वाईट वाटलं. मी नोकरीचं सांगितलं. मामांनी विचारलं, "पगार देतो का तो अप्पा?"

"देतो की."

"परक्या माणसाला?" मामा खरंच चकित झाले होते. "अय्यो. मग घरच्याला काय देत असंल?" थोडा वेळ त्यांनी विचार केला, मग ताट माझ्याकडं सरकवलं. "घे. नाव घातलंय, आता कुणाला विकायचं?" अक्कानं त्याच ताटात त्यांना सोजरबाईच्या तुरीचं वरण वाढलं. ते दोनदा मागून घेऊन जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना दाजींना विचारत होते, त्या अप्पांना भांडी लागतात का.

सोमवारी मी गेलो. जुने दिवाणजी मला रोजकीर्द दाखवत होते, तेवढ्यात अप्पांनी हाक मारली. बाजार सुरू व्हायला वेळ होता, गादीवर आम्हीच. "बस जवळ," ते म्हणाले, "फिरकायचं न्हाई म्हणालो खरं, पण शिकायला तर पाहिजे. न्हाईतर एक दिवस तू मला गादीसकट विकशील." त्यांनी माझ्या हातावर उपरणं टाकलं, खाली हात घातला आणि माझं एक बोट धरलं. त्यांची बोटं खरखरीत होती, तुरीच्या पोत्यासारखी, पण धरणं हलकं, फुंकर घातल्यासारखं. "हे एक." मग दोन बोटं. मग तीन. माझ्या तळव्यातून काहीतरी सरसरत कोपरापर्यंत गेलं आणि मी हसायला लागलो. थांबवेना. दिवाणजी कमजोर डोळ्यांनी आमच्याकडं बघत राहिले. अप्पांनी तीन बोटं सोडली नाहीत.

"गुदगुल्या होऊन राहिल्या अप्पा."

"होऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांचेही खांदे त्या शनिवारसारखे हलायला लागले होते. त्यांनी तीच तीन बोटं दुसऱ्यांदा दाबली. "हस, पण हात काढू नको. हे बघ, हे सहा."